मोठी होत गेलेली अक्षरं

अक्कलकुव्यात हायवेच्या मधोमध उभं राहून दुकानाची पाटी वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दोन्ही बाजूंनी ट्रक भोंगे वाजवताहेत, गुजरातकडून आलेला एक ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन आईबहिणीची आठवण काढतोय, आणि हा गृहस्थ मान तिरकी धरून, डोळे बारीक करून स्वतःशीच म्हणतोय, "‘खत’मधला ख दबला."

हे शकूर पेंटर. आमच्या घराला भिंत लावून राहायचे.

पाटी रंगवून झाली की ते तिच्याकडे तोंड करून मागे मागे चालत जायचे. जिथून अक्षर वाचता येईनासं होईल तिथे थांबायचे. ती जागा मनासारखी लांब नसली तर परत येऊन अख्खी ओळ पुसायचे. दुकानदार वैतागायचा, "चाचा, वाचता येस ना!" पेंटर शांतपणे सांगायचे, "तुले येस. मोलगी गावनी जीपमधून उतरणाऱ्या म्हाताऱ्याले येवाले पाहिजे." आणि मग ते वाक्य, जे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणेन: "वाचता आलं नाही तर चूक अक्षराची. वाचणाऱ्याची कधी नसते."

मी शाळेत बरोबर याच्या उलट वागायचे. मुलाला फळा वाचता आला नाही की पाठीत धपाटा. माझं अक्षर सुंदर आहे असं मला कोणीतरी लहानपणी सांगितलं होतं, आणि ते मी विसरायला तयार नव्हते. मी तेव्हा तरुण होते. म्हणजे पन्नाशीची, आता सत्तरी ओलांडल्यावर ते वय कोवळंच वाटतं.

मग गावात फ्लेक्स आला. पेंटरांचे ब्रश डब्यात सुकले. जीपच्या मागच्या काचेवरची नावंसुद्धा स्टिकरवर येऊ लागली. पेंटरांची मुलगी रुखसाना सुरतेत दिलेली. तिने सासरच्या दुकानातला जुना कंप्यूटर पाठवून दिला, अब्बांनी त्यावर फ्लेक्सची डिझाइनं करावीत म्हणून. पण गावातल्या प्रत्येकाच्या पेनड्राइव्हमधले व्हायरस त्या खोक्यात नांदायला यायचे. आठवड्यातून दोनदा कंप्यूटर आजारी. शेवटी रस्त्याच्या कामावर आलेल्या एका इंजिनिअरने त्यांना एक डिस्क दिली. म्हणाला, हे लिनक्स. याला व्हायरस सहसा लागत नाही, पैसे पडत नाहीत, आणि पाहिजे तसं बदलता येतं.

पहिल्या दोन गोष्टी पेंटरांनी ऐकल्याच नाहीत. तिसरी डोक्यात गेली ती गेलीच.

"बाई," ते कुंपणावरून मला सांगायचे, "आजवर भाड्याच्या खोलीत राहत होतो. खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा. आता घर आपलं. रंग आपला, दार कुठे पाडायचं ते आपण ठरवायचं." आणि मग दार पाडण्याच्या नादात दर दोन-चार दिवसांनी अख्खं घर पाडून ठेवायचे. पुन्हा डिस्क घालायची, पुन्हा पहिल्यापासून लिनक्स टाकायचं. त्यांची बायको हलीमाभाभी म्हणायची, "लोग चादर बदलते, हमारे ये कंप्यूटर बदलते."

सुरुवातीला पडद्यावर मराठी अक्षरं तुटायची. एकाच्या डोक्यावरचा रफार शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसायचा. दुसरा कोणी असता तर इंग्रजीवर भागवलं असतं. पेंटर जेवायचे थांबले. एकामागून एक फॉन्ट टाकून पाहिले, आणि ज्या दिवशी ‘सूर्य’ नीट उमटला त्या दिवशी गल्लीत जिलेबी वाटली. मला वाटलं, रुखसानाला मुलगा झाला.

आमच्या घरीही मुलाने कंप्यूटर आणून ठेवलेला. नोकरीत सक्तीचा होता म्हणून मी कंप्यूटरचा कोर्स केला होता आणि पहिल्या वर्गात पास झाले होते. ‘कंप्यूटर सुरू करण्याची कृती’ मला पायऱ्यांसकट पाठ होती. खरं बटण कुठे असतं तेवढं माहीत नव्हतं. त्यामुळे मी त्यावर क्रोशाचं झाकण विणून घातलं होतं आणि दसऱ्याला झाकण काढून झेंडूचं फूल वाहायचे. आमचे हे म्हणायचे, "पूजा चालू आहे तोवर बिघडणार नाही."

पेंटरांना हे पाहवलं नाही. एक दिवस डिस्क घेऊन आले. कंप्यूटरकडे गेलेच नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले.

"बाई, तुमनं मीठ कोठे शे?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे हळूच म्हणाले, "कंप्यूटर लावायला आलेत ना?"

"चहा करा बाई," पेंटर म्हणाले. मी चहा केला. ते नुसतं बघत राहिले, माझा हात न बघता कुठे कुठे जातो ते. मग जाऊन कंप्यूटरसमोर बसले आणि मी रोज उघडेन अशा सगळ्या गोष्टी उजव्या बाजूला, खाली ठेवल्या. कारण साखर, चहा, गाळणी, सगळं माझ्या उजवीकडे, खालच्या फळीवर. हुकूम लिहायच्या काळ्या खिडकीला मात्र त्यांनी वरच्या डाव्या कोपऱ्यात टाकलं आणि बजावलं, "ही उघडू नका. वारा येतो."

आणि मला त्या वयात, कोर्स पास होऊनही न जमलेला कंप्यूटर एका संध्याकाळात जमायला लागला. हात आपोआप जायचा. मी कपाळावर आठ्या घालून म्हटलं, "तसं सोपंच होतं म्हणा."

एकदा बाजारातल्या एका खताच्या दुकानात मी बियाणं घ्यायला गेले होते. पेंटर तिथे बसून दुकानदाराचा कंप्यूटर लावत होते. दुकानदाराची इच्छा, पडद्यावर कानबाई देवीचा फोटो हवा. त्याने तो आधीच लावला होता आणि त्यावर दुकानाच्या सगळ्या फायली मांडल्या होत्या. पेंटरांचा चेहरा लाल.

"अरे भो, कानबाईना तोंडवर तू युरिया ठेवी ऱ्हायना! शरम शे का?"

दुकानदार गडबडला. "मंग कोठे ठेवू, चाचा? पडदा तर एकच शे."

"एक कसा? चार शेत."

लिनक्समध्ये एकाच पडद्यामागे अनेक पडदे ठेवता येतात. पेंटरांनी युरिया, डीएपी, उधारी सगळं पहिल्यावर ठेवलं आणि दुसरा पडदा अख्खा कानबाईला दिला. काही म्हणजे काही ठेवलं नाही तिथे. घड्याळसुद्धा काढून टाकलं. मुसलमान माणूस, पण देवीला स्वतंत्र खोली दिल्याशिवाय उठला नाही. तेव्हापासून तो दुकानदार सकाळी चपला काढायचा, दोन बटणं दाबून दर्शनाला जायचा, हात जोडायचा, आणि परत दोन बटणं दाबून युरियावर यायचा.

माझ्या पडद्यावरची अक्षरंही पेंटरांनी मोठी केली होती. "तुम्ही चष्मा लावत नाही," असं एकदा म्हणाले. मी ताठ मानेने सांगितलं, "मला लागत नाही." ते "बरं" म्हणाले आणि अक्षर आणखी थोडं वाढवलं. मी खूश. मैत्रिणींना सांगत सुटले, या वयात बिनचष्म्याची कंप्यूटर चालवते. दिवाळीला सून आली, पडद्याकडे बघून म्हणाली, "आई, ही अक्षरं आहेत की घराच्या दारावरची पाटी?" आणि मला जवळजवळ कानाला धरून नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. चष्मा लावून घरी आले तर इतकी वर्षं चकचकीत समजत होते त्या घरात कोळ्यांची वसाहत. पेंटरांनी दुसऱ्या दिवशी येऊन अक्षरं निमूटपणे लहान करून दिली. हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता.

माझी सून परगावाहून आली, तिला दिसलं. हलीमाभाभीकडे असं बाहेरून येणारं कोणी नव्हतं. रुखसाना होती, पण ती पडद्याच्या आत.

भाभीचा पडदा हे पेंटरांचं सगळ्यात आवडतं काम. भाभी मराठी शाळेत शिकलेली, वाचायची हौस. तिच्यासाठी त्यांनी जुनं दुसरं खोकं जोडलं, रंग फिका पिस्ता, कडा जाड. त्यात मधोमध ‘रुखसाना’. ते दाबलं की सुरतेला फोन लागणार आणि तोंड दिसणार. बाजूला नातवंडांचे फोटो, बातम्या, नमाज़च्या वेळा, खिरीच्या आणि लोणच्याच्या कृती. पाटीची सवय इथेही सुटली नाही. भाभीला उंबरठ्यावर उभं करायचे आणि म्हणायचे, "वाच."

"बातम्या. फोटो. लो... लो..."

"अक्षर चुकलं," पेंटर लगेच म्हणायचे, आणि वाढवायचे. "आता?"

"लोणचं!"

मी भाजीची वाटी घेऊन गेले की बहुतेक वेळा हा खेळ चाललेला असे. नंतर नंतर भाभी उंबरठ्यावरून पलंगापर्यंत आली. मग पलंगावरून खुर्चीत. पेंटर अक्षर वाढवत राहिले. अक्षर वाढलं की पडद्यावर जागा पुरेना, मग एकेक गोष्ट काढावी लागे. आधी लोणची गेली. मग बातम्या. "भाभीला बातम्या नकोतच," पेंटर म्हणाले, "त्रास होतो." मग नमाज़च्या वेळा, अजान ऐकू येतेच. शेवटी पिवळ्याधमक रंगावर काळ्या ठसठशीत अक्षरांत एकच नाव उरलं, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत: रुखसाना.

ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन ह्यांना म्हणाले, "बघा, बायकोसाठी काय काय करतो तो माणूस! लेकीचं नाव आभाळाएवढं लिहिलंय." हे म्हणाले, "तुला लिहून देऊ का मोठ्या अक्षरात काही?" मी नवा चष्मा नाकावर चढवून रुसून बसले. चष्मा डोळ्यांवर होता आणि तरी मला दिसलं नाही. नवा कोरा, सोनेरी दांडीचा.

भाभीला साखर होती. एका हिवाळ्यात पायाला जखम झाली, भरेना. चिंचपाड्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, आणि डॉक्टरांशी बोलायला मी बरोबर गेले. बाई इंग्रजी बोलतात असा गल्लीत माझा लौकिक होता, तो मी कष्टाने टिकवला होता. डॉक्टरांनी पाय पाहिला, औषध लिहिलं. मग भाभी खुर्ची चाचपून बसली ते त्यांनी पाहिलं. टॉर्च घेतली, बराच वेळ तिच्या डोळ्यांत बघत राहिले.

"कमी कधीपासून दिसायला लागलं?"

भाभी म्हणाली, "दिसतं की. मी रोज वाचते."

डॉक्टरांनी पेंटरांकडे पाहिलं. पेंटर हिशेब लागावा तसे हळूहळू बोलायला लागले. "मागच्या ईदला चौदा होतं, साहेब. पावसाळ्यात अठरा केलं. दिवाळीला चोवीस. मग छत्तीस. आता..." आणि तिथे त्यांचं बोलणं तुटलं. आपण काय सांगतो आहोत ते त्यांना त्या क्षणी कळलं. मला ते त्यांच्या हातांवरून दिसलं. ब्रश धरायची बोटं हवेतच राहिली.

"काय छत्तीस?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"अक्षर," मी म्हटलं. "कंप्यूटरवरचं. तिला दिसेना की हे मोठं करून द्यायचे."

डॉक्टरांनी टॉर्च टेबलावर ठेवली. भला माणूस होता, ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "चौदाला आणायला हवं होतं. अठरालासुद्धा बरंच वाचलं असतं."

सुरतेला नेलं. रुखसानाने सगळं केलं. सुया झाल्या, लेझर झालं. थोडे दिवस उजेड-अंधार कळायचा. मग तेही गेलं.

मी एकदा भाभीजवळ बसले असताना न राहवून विचारलं, "भाभी, तुला स्वतःला कळलं नाही का गं?" ती हसली. तिचं हसणं अजून तसंच होतं, गालावर ओढणी धरून. "बाई, खरं सांगू? ते म्हणायचे, अक्षर चुकलं, माझी चूक. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने कधी माझी चूक म्हटलं नव्हतं. मला मजा यायची. म्हटलं, चुकू दे रोज."

पेंटर मात्र त्यानंतर हसले नाहीत. बाजारात जाणं सोडलं. कोणी कंप्यूटर लावायला बोलावलं तर, "आता येत नाही मला," म्हणायचे. स्वतःच्या पडद्यावरची अक्षरं त्यांनी इतकी बारीक केली की नाक टेकवून वाचावं लागे. मी म्हटलं, "पेंटर, हे काय?" तर म्हणाले, "माझं बरोबर आहे. त्रास व्हायला पाहिजे. त्रास झाला तर माणूस दवाखान्यात जातो."

मग त्यांनी भाभीच्या कंप्यूटरला बोलायला शिकवलं. लिनक्समध्ये तशी सोय असते; पडद्यावर जे असेल ते यंत्र वाचून दाखवतं. फार दिवस खपले त्यावर. शेवटी यंत्र बोललं. भाभीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इसको सर्दी हुई है क्या? नाकात बोलतो मेला. बंद करा." पेंटरांनी बंद केलं. आवाज बदलून पाहिले, बाईचा लावला, सावकाश केला. भाभी म्हणाली, "ही कोण सवत आणली?" ती चेष्टाच करत होती, त्यांना हसवायला. पण पेंटर उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

त्यानंतर भाभीनेच एक रीत सुरू केली. सकाळी चहा झाला की त्या पडद्यासमोरच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसायची आणि विचारायची, "आज कौनसा रंग?"

पेंटर रोज पडद्याचा रंग बदलायचे. मागे चित्र लावायचे, कधी तापीचं, कधी शेवग्याच्या फुलांचं, कधी नुसता रंग. आणि तिला सांगायचे. दोन शब्दांत नाही. पाटीवाल्या माणसाच्या ऐटीत, कुठे गडद, कुठे फिकट, कडेला काय. जो माणूस दिवसभर तोंड उघडत नव्हता तो तेवढा वेळ बोलायचा. मी भाभीला म्हटलं, "तुला खरंच ऐकावंसं वाटतं का गं हे रोज?" ती आवाज खाली आणून म्हणाली, "मला काय रंगाचं! पण मी नाही विचारलं ना, तर ते जेवत नाहीत."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही नंदुरबारला मुलाकडे राहायला आलो. पेंटर गेल्याचं मला फोनवर कळलं; भाभीला रुखसाना सुरतेला घेऊन गेली. मातीला मी पोचू शकले नाही. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं शेवटचं म्हणून जे आहे, ते निघायच्या आदल्या सकाळचं.

निरोप घ्यायला गेले होते. मे महिना, अक्कलकुव्याचं ऊन सकाळीच डोक्यावर. भाभी खुर्चीत, पेंटर शेजारच्या स्टुलावर. वर पंखा कुरकुरत होता. मी दारात चपला काढते आहे तोवर लाईट गेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला, आणि समोरचा पडदा काळा झाला.

"आज कौनसा रंग?" भाभीने विचारलं.

पेंटर काळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग सुरू झाले. "हिरवा. पण एकच नाही. खाली, डाव्या बाजूला, बाजरीच्या कोवळ्या पातीसारखा. वर जाता जाता निळसर होत गेलाय, सातपुड्यावर असतो ना पाऊस येऊन गेल्यावर, तसा."

मी जन्माची मास्तरीण. चूक दिसली की तोंड उघडतंच. "पेंटर, लाईट..." एवढं माझ्या तोंडून निघालंही असेल.

"बाई, चहा घेणार ना?" भाभी एकदम मोठ्याने म्हणाली.

मग तिने उजवा हात खिडकीच्या फळीवर फिरवला. तिथे शिंदीच्या पानांचा हातपंखा होता तो उचलला, आणि पेंटरांचा श्वास कुठून येतोय याचा अंदाज घेत त्यांच्या बाजूला वळली.

"आणि कडेला?" तिने विचारलं.

पेंटर काळ्या पडद्यावर बोट फिरवत कडेचं सांगत होते, आणि भाभी त्यांना वारा घालत होती.